घरी पेडलबोर्ड बनवताना: आधी वीज, मग लाकूड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही खानापूरजवळच्या गावात राहता, लग्नसराईत आणि गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रामध्ये गिटार वाजवता, आणि तुमच्याकडे वाह (पाय पुढे-मागे करून आवाज ‘वाह-वाह’ करणारे), ट्यूनर (सूर जुळवायचे), ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारे), कोरस (आवाज भरीव करणारे) आणि डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारे) अशी पाच पेडल, म्हणजे गिटारच्या जोडणीत मध्ये बसणारी, पायाने चालवायची छोटी यंत्रे आहेत. ती सगळी एकाच अडॅप्टरवर, फाटे फुटलेल्या एका वायरीने चालतात. घरी फारसा त्रास होत नाही, पण कार्यक्रमात गुणगुण आणि बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, आणि जोडाजोडीत दर वेळी अर्धा तास जातो. तयार पेडलबोर्ड, म्हणजे ही सगळी पेडल जोडून ठेवायची फळी, परवडत नाही म्हणून घरी बनवायचा आहे, तर लाकूड कोणते घ्यावे आणि माप काय ठेवावे, असे तुम्ही विचारले आहे.

बोर्ड घरी निश्चित बनवता येतो. गेली वीसेक वर्षे बेळगावात गिटार वाजवताना आणि अ‍ॅम्प्लिफायर-पेडलांची दुरुस्ती करताना मी स्वतःसाठी आणि इतरांसाठी बरेच बोर्ड बनवले आहेत. मात्र तुम्ही लाकडाचे विचारता आणि तुमचा त्रास विजेचा आहे. उत्तम सागवानी बोर्ड करून त्यावर तीच फाटे फुटलेली वायर बसवलीत, तर तीच गुणगुण अधिक देखण्या फळीवरून ऐकू येईल. म्हणून लाकडाकडे मी शेवटी येतो.

आवाज नेमका कुठून येतो हे आधी शोधावे, आणि त्याला एक मल्टिमीटर (व्होल्ट आणि जोडण्या तपासायचे छोटे मीटर), एक ९ व्होल्टची बॅटरी आणि थोडा धीर एवढेच लागते. गिटार थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडून ऐका. गुणगुण तेव्हाही असेल आणि खोलीत गिटार फिरवल्यावर ती कमी-जास्त होत असेल, तर ती गिटारवरच्या सिंगल कॉइल पिकअपची, म्हणजे तारांची कंपने पकडणाऱ्या एकाच गुंडाळीच्या भागाची आहे आणि बोर्डाने ती जाणार नाही. थेट जोडणीत आवाज स्वच्छ असेल, तर एकच पेडल बॅटरीवर लावून ऐका, मग तेच पेडल अडॅप्टरवर लावून ऐका, आणि असे एकेक पेडल वाढवत न्या. ज्या क्षणी डिजिटल डिले त्या सामाईक वायरीला जोडाल, त्या क्षणी बारीक शिट्टी सुरू होईल, असा माझा अंदाज आहे. डिजिटल पेडलच्या आत सतत ठोके देणारे घड्याळासारखे सर्किट असते, त्याचा गोंगाट विजेच्या सामाईक तारेतून शेजारच्या पेडलांत शिरतो, आणि ओव्हरड्राइव्ह तो कित्येक पटींनी मोठा करून पुढे पाठवते. जाड गुणगुणीचे कारण निराळे असते. दोन पेडलांच्या निगेटिव्ह तारा अडॅप्टरच्या वायरीतून जुळलेल्या असतात आणि पॅच केबलच्या (एक पेडल दुसऱ्याला जोडणाऱ्या छोट्या केबलच्या) जाळीतूनही जुळलेल्या असतात, त्यामुळे तारेचे एक कडे तयार होते आणि ते आजूबाजूच्या विजेची कंपने पकडत राहते.

आता एका वहीत प्रत्येक पेडलपुढे चार गोष्टी लिहा: व्होल्ट, मिलिअँपिअर (पेडल किती वीज ओढते), पिनची दिशा (मध्ये निगेटिव्ह की पॉझिटिव्ह) आणि मापे. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागते आणि पिनच्या मधल्या भोकात निगेटिव्ह असते. नेमक्या याच बाबतीत आपल्याकडे पेडल जळतात, कारण घरातल्या वायफाय राउटरच्या अडॅप्टरची पिन तशीच दिसते, त्याच भोकात घट्ट बसते, पण तिच्यात मध्ये पॉझिटिव्ह असते, आणि पुष्कळदा व्होल्टही ९ ऐवजी १२ असतात. काही पेडलांत उलट्या विजेपासून वाचवणारा डायोड असतो आणि काहींत नसतो. आपल्या पेडलमध्ये तो आहे का, हे तपासण्याचा प्रयोग करू नये. लेबलवरचे वर्तुळ, त्यातला ठिपका आणि त्यांना जोडलेली अधिक-उणे चिन्हे पाहावीत, आणि लेबल पुसले गेले असेल तर मल्टिमीटर लावावा.

जुन्या बाजारातून किंवा गोव्याकडच्या वादकांकडून घेतलेले पेडल असेल तर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. बॉस कंपनीच्या काही जुन्या पेडलांवर एसीए असे अडॅप्टरचे नाव छापलेले असते. ती पेडल जुन्या पद्धतीच्या १२ व्होल्ट अडॅप्टरसाठी बनवलेली होती, आणि एकटीच ९ व्होल्टच्या स्थिर अडॅप्टरवर लावली तर त्यांचा दिवा मंद लागतो व आवाज दबतो. दुसरे म्हणजे, जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या काही फझ पेडलांत (फझ म्हणजे आवाज फार खरखरीत करणारे पेडल) निगेटिव्हऐवजी पॉझिटिव्ह बाजू पेडलच्या अंगाला जोडलेली असते. असे पेडल इतरांबरोबर सामाईक वायरीवर लावल्यास अडॅप्टर सरळ शॉर्ट होतो. त्याला स्वतःची बॅटरी द्यावी, हे उत्तम.

मिलिअँपिअरची बेरीज करताना तुमच्या लक्षात येईल की वाह, ओव्हरड्राइव्ह आणि अ‍ॅनालॉग कोरस ही मंडळी अगदी अल्पाहारी असतात. ओव्हरड्राइव्हला ५ ते २० मिलिअँपिअर पुरतात आणि वाहला त्याहूनही कमी लागतात. डिजिटल पेडलची भूक मात्र ६०-७० पासून ३०० मिलिअँपिअरपर्यंत असू शकते. एकूण बेरजेच्या किमान दीडपट क्षमता असलेला अडॅप्टर घ्यावा. अडॅप्टरवर १००० मिलिअँपिअर लिहिलेले असले तरी पेडलला अपाय होत नाही, कारण पेडल आपल्याला लागेल तेवढीच वीज ओढते. व्होल्ट जास्त झाले तर मात्र अपाय होतो.

या बेरजेनंतर तीन मार्ग उरतात. पहिला, आणि तुमच्या पाच पेडलांसाठी मी सुचवीन तो, म्हणजे दोन अडॅप्टर वापरणे. ट्यूनर, वाह, ओव्हरड्राइव्ह आणि कोरस एका चांगल्या अडॅप्टरवर ठेवायचे आणि डिजिटल डिलेला त्याचा स्वतंत्र अडॅप्टर द्यायचा. एवढ्यानेच बहुतेकांची शिट्टी थांबते. ट्यूनरही गोंगाट करतो असे आढळले, तर त्याला डिलेच्या सोबतीला पाठवावे. दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक भोकाला स्वतंत्र, एकमेकांपासून तोडलेली वीज देणारा तयार पॉवर सप्लाय. तो महाग पडतो, पण पेडल सात-आठ झाली की त्याला पर्याय नाही. बाजारात आठ-दहा भोकांचे स्वस्त डबे मिळतात आणि त्यांवर आयसोलेटेड असे छापलेलेही असते, परंतु त्यांतल्या कित्येकांत आत सगळी निगेटिव्ह टोके एकत्रच जुळलेली असतात. डबा विजेला न जोडता मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड असला की वाजणाऱ्या खुणेवर) ठेवून दोन भोकांच्या निगेटिव्ह टोकांना तारा लावाव्यात. मीटर वाजला, तर तो डबा म्हणजे पत्र्यात घातलेली तुमची आत्ताचीच वायर आहे.

तिसरा मार्ग म्हणजे स्वतः ट्रान्सफॉर्मर लावून सप्लाय बनवणे. इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतलेल्या अनेकांना हा मोह होतो, मलाही झाला होता. १२ व्होल्ट १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, २२०० मायक्रोफॅरडचा ३५ व्होल्टचा कपॅसिटर आणि त्यापुढे ७८०९ हा व्होल्ट स्थिर ठेवणारा रेग्युलेटर, एवढ्यात अतिशय स्वच्छ ९ व्होल्ट मिळतात. रेग्युलेटरच्या आत साधारण १६ व्होल्ट येतात आणि बाहेर ९ जातात, त्यामुळे २५० मिलिअँपिअर घेतले तरी पावणेदोन वॉट उष्णता त्याच्या अंगात जिरते, म्हणून ती बाहेर टाकणारा धातूचा तुकडा, म्हणजे हीट सिंक, आवश्यक आहे. पण एका ट्रान्सफॉर्मरच्या एकाच गुंडाळीवर चार ७८०९ बसवले म्हणून चार स्वतंत्र सप्लाय होत नाहीत. त्यांची निगेटिव्ह बाजू एकच राहते. खरी फारकत हवी असेल तर प्रत्येकाला स्वतंत्र गुंडाळी लागते. शिवाय यात २३० व्होल्टची तार पायाखालच्या डब्यात येते. फ्यूज, धातूच्या डब्याला अर्थिंग आणि तार बाहेर येते तिथे रबरी बूच, या तिन्ही गोष्टी तुम्हाला डोळे मिटून करता येत नसतील, तर हा मार्ग घेऊ नका. जे हे काम जाणतात त्यांनाही एक सूचना करतो. ट्रान्सफॉर्मर वाहच्या खाली ठेवू नये. वाहमध्ये तारेची एक गुंडाळी असते आणि ती ट्रान्सफॉर्मरची गुणगुण खोलीपलीकडूनही ऐकल्यासारखी पकडते.

कार्यक्रमातच जास्त गुणगुण का येते, याचे उत्तर बहुधा मांडवाच्या अर्थिंगमध्ये आहे. गावच्या जत्रेत किंवा गल्लीतल्या मंडळात वीज कुठून तरी ओढून आणलेली असते, वाटेत दोन-तीन जोड असतात, आणि तीन पिनांच्या बोर्डापर्यंत पोचेतो हिरवी तार कुठे तरी हरवलेली असते. दोन पिनांच्या आजच्या हलक्या अडॅप्टरमधून अत्यल्प वीज बाहेरच्या बाजूला झिरपत असते. अ‍ॅम्प्लिफायरला चांगले अर्थिंग असेल तर ती तिथून निघून जाते, आणि नसेल तर गिटारच्या तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येतात. तेवढ्या झिणझिण्या जिवावर बेतणाऱ्या नसतात, परंतु त्या अर्थिंग नसल्याची वर्दी देतात, आणि अर्थिंग नसताना अ‍ॅम्प्लिफायरमध्ये खरा बिघाड झाला तर त्याच तारांवर पूर्ण २३० व्होल्ट येऊ शकतात. हात गिटारवर आणि ओठ माइकला, अशा अवस्थेत गायक-वादकाला धक्का बसतो तो असा. बऱ्याच वर्षांपूर्वी खानापूर भागातल्या एका जत्रेत जनरेटरवर कार्यक्रम होता आणि माझ्या शेजारच्या गायकाचे ओठ माइकला लागताच तो दोन पावले मागे फेकला गेला. सुदैवाने तेवढ्यावर निभावले. तेव्हापासून सुरुवातीच्या आधी मी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवतो, एक टोक गिटारच्या तारेला आणि दुसरे माइकच्या जाळीला लावतो, आणि चार-पाच व्होल्टांहून जास्त दिसले तर जोडण्या सुधारल्याशिवाय वाजवत नाही. गुणगुण जाते म्हणून अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. गुणगुण खरोखर जाते, हेही खरे आहे, पण ती पिन कधीही काढू नये.

बोर्डाच्या खाली २३० व्होल्टचा जो भाग येईल तो तयार, बंद अंगाचा, तीन पिनांचा आणि फ्यूज असलेला एक्स्टेन्शन बोर्डच असावा. उघडा जोड आणि त्यावर चिकटपट्टी, हा प्रकार पायाखाली नको. त्याची तार बोर्डाबाहेर पडते तिथे क्लॅम्पने लाकडाला आवळावी, म्हणजे कोणाचा पाय अडकला तर ताण क्लॅम्पवर येईल. दोन पिनांचे अडॅप्टर सैल सॉकेटमध्ये हलतात आणि ढोल-ताशाच्या दणक्याने क्षणभर सुटतात. ते केबल टायने एक्स्टेन्शनला बांधून टाकावेत. पेडलांतल्या बॅटऱ्या काढून ठेवाव्यात, कारण आपल्या पावसाळ्यात त्या पाझरतात आणि आतली पट्टी खाऊन टाकतात.

केबलबद्दल थोडे. पॅच केबल घरी बनवणे हे या सगळ्या उद्योगातले सर्वांत फायदेशीर काम आहे. चांगल्या माइक केबलमध्ये दोन तारा आणि एक जाळी असते. एक तार टोकाला, आणि दुसरी तार व जाळी एकत्र पिळून पिनच्या अंगाला, असा डाख द्यावा. डाख चकचकीत आणि सपाट बसला पाहिजे. गोळा होऊन राहिला असेल तर तो धरलेला नाही असे समजावे. पिन चपट्या आणि काटकोनी घ्याव्यात, सरळ पिनांमुळे दोन पेडलांत विनाकारण चार-पाच सेंटिमीटर जागा जाते. प्रत्येक केबल तयार झाली की मीटर लावून, ती वाकवत-हलवत तपासावी. एकूण लांबीचाही हिशेब ठेवावा, कारण केबलच्या प्रत्येक मीटरला साधारण १०० पिकोफॅरडची धारकता असते आणि गिटारच्या पिकअपपुढे ती साठत गेली की तारांची चमक निघून जाते. गिटारपासून बोर्डापर्यंत ३ मीटर आणि बोर्डापासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत ६ मीटर, एवढ्यात भागवावे. तुमच्या ट्यूनरमध्ये किंवा डिलेमध्ये बफर, म्हणजे लांब केबलला पुरेल असा जोर आवाजाला देणारे सर्किट, असेल, आणि बहुधा असतोच, तर त्याच्या पुढची केबल आवाज खात नाही.

क्रमाविषयी पुष्कळ वाद घातले जातात. तुमच्यासाठी ट्यूनर, वाह, ओव्हरड्राइव्ह, कोरस आणि शेवटी डिले हा क्रम योग्य आहे. पुढेमागे जर्मेनियम फझ आणलात तर तो ट्यूनरच्याही आधी ठेवावा, कारण त्याला गिटारचा थेट सहवास लागतो आणि मध्ये बफर आला की तो रुसल्यासारखा वाजतो. बहुतेक पेडलांत आवाज उजवीकडून आत येतो आणि डावीकडून बाहेर पडतो, म्हणून मांडणीही उजवीकडून डावीकडे करावी.

मापासाठी बाजारात जाण्याआधी जमिनीवर वर्तमानपत्र पसरा, त्यावर सगळी पेडल केबलसकट मांडा, कार्यक्रमात घालता तेच बूट किंवा चपला घालून उभे राहा आणि अंधारात दाबल्यासारखे प्रत्येक बटण दाबून पाहा. एक बटण दाबताना शेजारचे दबले तर अंतर वाढवा. बॉसच्या छोट्या पेडलचे माप ७३ मिलिमीटर रुंद, १२९ मिलिमीटर लांब आणि ५९ मिलिमीटर उंच आहे, आणि वाह साधारण १० सेंटिमीटर रुंद व २५ सेंटिमीटर लांब असते. वाहचे १०, चार पेडलांचे २९ आणि मधल्या चार जागांचे प्रत्येकी साडेतीन, असे मिळून ५३ सेंटिमीटर होतात. म्हणजे ५५ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल बोर्ड तुम्हाला पुरतो आणि दुचाकीवरही नेता येतो. आणखी एका पेडलची जागा सोडण्याचा मोह आवरणार नाही, हे मला ठाऊक आहे. ती सोडायची तर रुंदी ६५ करा, पण मग दुचाकीवरचा प्रवास विसरा.

इथे एक व्यवहारातली सूचना करतो. आपले सुतार इंच आणि सूत (इंचाचा आठवा भाग) यांत मोजतात, आणि पेडलांची मापे मिलिमीटरमध्ये छापलेली असतात. ७३ मिलिमीटर म्हणजे २ इंच ७ सूत, हे जवळजवळ तंतोतंत बसते, पण प्रत्येक माप असे बसत नाही आणि पाच-सहा ठिकाणी थोडे थोडे चुकत गेले की शेवटचे पेडल बोर्डाबाहेर लोंबते. म्हणून वर्तमानपत्राचा तो कागदच कापून सुताराच्या हातात द्यावा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये गेलात तर समोरचा कारागीर कन्नड बोलेल किंवा मराठी, कागदाचा साचा दोघांनाही सारखाच समजतो.

आता लाकूड. माझा पहिला बोर्ड मी एमडीएफचा केला होता, कारण ते स्वस्त होते, सपाट होते आणि रंग त्यावर छान बसला होता. जुलैमध्ये जांबोटीच्या बाजूला एका लग्नाला गेलो, टेम्पोत रात्रभर ओल लागली, आणि दुसऱ्या आठवड्यात स्क्रूभोवतीच्या कडा पावासारख्या फुगून आल्या. पश्चिम घाटाला लागून असलेल्या खानापूर तालुक्याच्या पावसात एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड यांना जागा नाही. १२ मिलिमीटरचे, आयएस ७१० हा शिक्का असलेले पाण्याला टिकणारे प्लायवूड घ्यावे. सुताराच्या भाषेत ते चार सुती प्लाय. ५५ गुणिले ३० सेंटिमीटरच्या तुकड्याचे वजन जेमतेम दीड किलो भरते. पूर्ण फळी विकत घेण्याची गरज नाही, कपाटे बनवणाऱ्या सुताराकडे एवढा तुकडा उरलेला असतोच.

त्याहून मला प्रिय असलेला पर्याय म्हणजे जुने सागवान. तुमच्या भागात जुनी घरे पाडताना चौकटी आणि तुळ्या निघतात. ते लाकूड अनेक पावसाळे पाहून मुरलेले असते आणि आता वाकण्या-फुगण्याच्या पलीकडे गेलेले असते. त्याच्या ४ सेंटिमीटर रुंद आणि दीड सेंटिमीटर जाड पाच पट्ट्या रंध्याने साफ करून घ्याव्यात आणि मध्ये अडीच-अडीच सेंटिमीटर फट ठेवून दोन बाजूंच्या आधारांवर बसवाव्यात. या फटींतून केबल खाली जातात आणि बोर्ड वरून स्वच्छ राहतो. रंध्याला देण्याआधी जुने खिळे शोधून काढावेत, नाही तर सुतार पुढच्या वेळी दारात उभे करणार नाही.

दोन्ही बाजूंचे आधार पाचरीसारखे कापावेत, म्हणजे बोर्डाला उतार येतो. वाह नसते तर मी जास्त चढ सुचवला असता, पण वाहवर पाय पुढे-मागे करायचा असल्याने पुढची उंची अडीच आणि मागची साडेसहा सेंटिमीटर ठेवावी. ३० सेंटिमीटर खोलीवर हा साधारण साडेसात-आठ अंशांचा उतार होतो. मात्र खाली काय बसवायचे आहे त्याची उंची आधी मोजा. फळीची जाडी वजा जाता मागे सव्वापाच सेंटिमीटर उरतात, आणि तुमचा अडॅप्टर त्याहून उंच असेल तर तो आडवा बसवावा लागेल किंवा मागची बाजू वाढवावी लागेल. वाहच्या खाली आणखी एक आधार द्यावा, कारण शरीराचा भार त्या एकाच पेडलवर येतो. तळाला रबराचे पाय लावावेत, मांडवातल्या प्लायच्या स्टेजवर बोर्ड नाही तर घसरत घसरत तबलजीकडे जातो.

ज्यांना लाकूड नको त्यांच्यासाठी खिडक्यांची कामे करणाऱ्या दुकानात अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि २५ मिलिमीटरचे अँगल मिळतात, आणि त्यांची चौकट पॉप रिव्हेटने किंवा नटबोल्टने जोडता येते. लोखंडी ग्रिल करणाऱ्या साध्या वेल्डरकडून अ‍ॅल्युमिनियम जोडून घेण्याचा प्रयत्न करू नये. त्याला वेगळे वेल्डिंग लागते. धातूच्या चौकटीत २३० व्होल्टची तार येणार असेल, तर चौकट अर्थिंगला जोडलीच पाहिजे. केवळ एवढ्यासाठी मी नवशिक्यांना लाकूड सांगतो.

लाकडाला पॉलिश करताना खालची बाजू, कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोके यांनाही हात द्यावा, कारण ओल तिथूनच शिरते. पॉलिश पूर्ण सुकायला आठवडा जाऊ द्यावा. घाईने वेल्क्रो चिकटवला तर तो पॉलिशसकट निघून येतो. मऊ बाजू बोर्डावर आणि खरखरीत बाजू पेडलला, अशी रीत आहे, आणि बोर्डावरच्या पट्ट्यांच्या टोकांना स्टेपल मारावेत. पण खरे सांगायचे तर उन्हाळ्यात बंद गाडीत तापल्यावर आणि पावसाळ्यात दमटल्यावर स्वस्त वेल्क्रोचा डिंक टिकत नाही, आणि पेडलच्या खालचा रबर काढावा लागतो तो वेगळाच. म्हणून मी सायकलच्या साखळीचा उपाय करतो. सायकल दुरुस्तीच्या दुकानातून जुनी साखळी आणावी, रॉकेलमध्ये धुवावी आणि तिच्या दोन भोकांच्या पट्ट्या सुट्ट्या करून घ्याव्यात. पेडलच्या तळाचा कोपऱ्यातला स्क्रू काढून तो एका भोकातून परत बसवायचा आणि पट्टीचे दुसरे भोक बाहेर काढून त्यातून लाकडात स्क्रू मारायचा. मूळ स्क्रू आखूड पडला तर त्याच आट्यांचा किंचित लांब स्क्रू घ्यावा, पण आतल्या सर्किटला टेकेल इतका लांब नको. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना अशा पट्ट्या लावल्या की पेडल हलत नाही आणि काढायचे झाले तर दोन स्क्रू सोडले की मोकळे होते. माझ्या बोर्डावरची ओव्हरड्राइव्ह अशीच बसवलेली आहे आणि एवढ्या वर्षांत तिची जागा बदललेली नाही.

सगळे बसवून झाल्यावर वीज जोडण्याआधी अडॅप्टरची प्रत्येक पिन मीटरने पुन्हा तपासा, आणि मग पहिल्या दिवशी जसे एकेक पेडल वाढवत ऐकले होते तसेच पुन्हा ऐका. विजेच्या वायरी बोर्डाच्या मागच्या कडेने आणि आवाजाच्या केबल पुढून न्याव्यात. त्या एकमेकींना ओलांडतील तिथे काटकोनात ओलांडाव्यात.

राहिला प्रश्न नेण्या-आणण्याचा. त्यासाठी पेटी करू नका, वजन दुप्पट होते. गाड्यांच्या सीट शिवणाऱ्या कारागिराकडे बोर्ड घेऊन जा आणि आत फोमचा थर असलेली रेक्झिनची पिशवी मापाने शिवून घ्या, तिला खांद्याचा पट्टा आणि केबलसाठी बाहेर एक कप्पा लावायला सांगा. चेन वरच्या बाजूला न ठेवता कडेला ठेवायला सांगा, कारण वरच्या चेनमधून पाणी थेट पेडलांवर उतरते. पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत कार्यक्रमाहून घरी आलात की कितीही उशीर झाला असला तरी पिशवी उघडून बोर्ड बाहेर काढून ठेवा.